भारतीय हेवी लायसन्सवर अमेरिकेत ट्रक चालवता येईल का? सीडीएलच्या तात्पुरत्या सवलतीबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चाकणच्या एका ट्रक कंपनीत टेस्टिंग विभागात अभियंता आहेत. त्यांच्याकडे हेवी लायसन्स आहे आणि कंपनी त्यांना सहा आठवड्यांसाठी अमेरिकेत चाचण्यांना पाठवतेय. जर्मन अभियंत्यांना अमेरिकी सीडीएल, म्हणजे तिथला व्यावसायिक ट्रकचालकाचा परवाना न काढताही ट्रक चालवायची सवलत मिळते, असं त्यांनी ऐकलंय. ती आपल्याला मिळेल का, हा पहिला भाग. दुसरा भाग त्यांच्या मामेभावाचा. एका एजंटाने त्याला सांगितलंय की हीच सवलत काढून भारतीय लायसन्सवर अमेरिकेत ड्रायव्हरची नोकरी लावून देतो.

ट्रक कंपन्यांचे परवाने, ड्रायव्हरांच्या फायली, रस्त्यावरच्या तपासण्या हे सगळं नियमात बसवून देण्याचं काम मी अमेरिकेत बरीच वर्षं करतोय. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. तुमच्यासाठी दार कायद्याने बंद नाही, पण सहा आठवड्यांच्या दौऱ्यात ते उघडणार नाही. दुसरी सोय बघा, ती खाली सांगतो. तुमच्या मामेभावासाठी उत्तर नाही असंच आहे, आणि त्याने त्या माणसाला एक रुपयाही देऊ नये.

आता कारणं.

अमेरिकेत 1986 च्या कायद्याने व्यावसायिक ड्रायव्हरांसाठी देशभर एकच किमान कसोटी आणली आणि 1 एप्रिल 1992 पासून सीडीएल सक्तीचं झालं. त्याआधी बऱ्याच राज्यांत साध्या गाडीच्या लायसन्सवर अठरा चाकी ट्रेलर चालवता यायचा, आणि एका राज्याने लायसन्स जप्त केलं की माणूस शेजारच्या राज्यातून दुसरं काढायचा. ते बंद करणं हा सीडीएलचा मूळ हेतू. 26,001 पौंड, म्हणजे साधारण 11,794 किलो किंवा त्याहून जास्त एकूण वजनाच्या गाडीला ते लागतं. आपल्याकडे 12,000 किलोच्या वर ‘हेवी’ सुरू होतं, म्हणजे रेषा जवळजवळ एकाच जागी आहे.

सीडीएल देतात राज्यं, आणि देतात ती आपल्या रहिवाशांना. जर्मनीत घर असलेला, दर तिमाहीला दोन दिवसांसाठी येणारा चाचणी अभियंता ओरेगॉनचा रहिवासी नसतो, व्हर्जिनियाचाही नसतो. परीक्षेला बसायची त्याची कितीही तयारी असली तरी तो रांगेतच उभा राहू शकत नाही. ही अडचण खरी आहे आणि सवलतीची सगळी प्रकरणं तिथून सुरू होतात.

कॅनडा आणि मेक्सिकोच्या ड्रायव्हरांना ती येत नाही. त्या दोन देशांशी अमेरिकेचा परस्पर मान्यतेचा करार आहे. कॅनडाच्या प्रांताने दिलेला व्यावसायिक परवाना आणि मेक्सिकोचा केंद्रीय चालक परवाना अमेरिकेत सीडीएलच्या बरोबरीचा धरतात. ही कायमची व्यवस्था आहे, तिला सवलत म्हणत नाहीत. जर्मनी, स्वीडन, जपान, भारत या कोणाशीच असा करार नाही. तुमच्या लायसन्सला अमेरिकेत मोल नाही असं म्हणून मनाला लावून घेऊ नका. जर्मन परवान्यालाही आपोआप मोल नाही. फरक एवढाच की जर्मन परवान्यासाठी एका कंपनीने जाऊन पुरावा मांडला.

तो कसा मांडला हे बघण्यासारखं आहे. ट्रक सुरक्षेचं केंद्रीय खातं म्हणजे एफएमसीएसए. नियम तात्पुरता बाजूला ठेवायचे त्यांच्याकडे तीन मार्ग आहेत. एक, जास्तीत जास्त तीन महिन्यांची शिथिलता, एखाद्या विशिष्ट प्रसंगापुरती. दोन, सवलत, जी पूर्वी दोन वर्षांपर्यंत मिळायची आणि डिसेंबर 2015 च्या ‘फास्ट’ नावाच्या वाहतूक कायद्यापासून पाच वर्षांपर्यंत मिळते. तीन, प्रायोगिक कार्यक्रम, जसा 2011 ते 2014 मध्ये मेक्सिकोच्या ट्रकांना सीमेपलीकडे आतपर्यंत येऊ द्यायचा झाला होता. ज्या जर्मन अभियंत्यांबद्दल तुम्ही ऐकलंय, त्यांच्याकडे आहे ती दुसऱ्या प्रकारातली.

सवलतीची कसोटी एकाच वाक्याची आहे: नियम पाळला असता तर जेवढी सुरक्षितता मिळाली असती, तेवढी किंवा त्याहून जास्त सवलतीतही मिळेल, हे दाखवा. अडचण होते, खर्च वाढतो, काम अडतं ही कारणं अर्जात लिहिता येतात, पण त्यांवर सवलत मिळत नाही. मला या कायद्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. रस्त्यावर शेजारच्या लेनमध्ये मुलांना घेऊन चाललेल्या माणसाला कंपनीच्या अडचणीशी देणंघेणं नसतं. ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलेल्याला ब्रेक कळतात की नाही, एवढंच त्याला महत्त्वाचं असतं.

पोर्टलंडच्या डाइमलर ट्रक्स नॉर्थ अमेरिकेने जर्मन चालकांसाठी असे अर्ज एकामागून एक केले आहेत. व्होल्वोने स्वीडनच्या चालकांसाठी केले, इसुझूने जपानच्या. डाइमलरच्या अर्जांत नेमकं काय लिहिलेलं असतं? चालकांची नावं. त्यांच्याकडे वैध जर्मन व्यावसायिक परवाना आहे, जर्मनीत ट्रक चालवण्याचा दीर्घ अनुभव आहे आणि रेकॉर्ड स्वच्छ आहे, हे. आणि ते अमेरिकेत किती चालवणार, तेही मोजून: दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग दोन दिवस, दिवसाला 200 मैलांच्या आत, म्हणजे दोन दिवसांत जास्तीत जास्त 400 मैल, तेही तिमाहीतून एकदा. त्यातलं साधारण 10 टक्के दोन पदरी राज्य रस्त्यांवर, 90 टक्के आंतरराज्य महामार्गांवर. कशासाठी? इंधन, उत्सर्जन आणि सुरक्षेचं नवं तंत्रज्ञान खऱ्या अमेरिकी रस्त्यावर कसं वागतं ते स्वतः चालवून पाहण्यासाठी.

पुण्याच्या माणसाला हे लगेच समजेल. चाकण ते नगर पट्ट्यात लाल पाटीवर ‘ऑन टेस्ट’ लिहिलेले ट्रक रोज दिसतात, आणि ज्याने तो ट्रक घडवला त्याला लॅपटॉपवरचे आलेख पुरत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेडलखाली काय जाणवतं ते आलेखात येत नाही.

मग खात्याने काय तपासलं? जर्मन परवाना मिळवायला काय करावं लागतं, ते. प्रशिक्षण, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा. निष्कर्ष असा निघाला की ती प्रक्रिया अमेरिकी सीडीएलच्या अटींशी तुल्य किंवा तितकीच परिणामकारक आहे. युरोपीय संघात यावर आणखी एक थर असतो: व्यावसायिक चालकाला सुरुवातीची पात्रता मिळवावी लागते आणि दर पाच वर्षांत 35 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवान्यावर किंवा वेगळ्या चालक-पात्रता कार्डावर 95 हा आकडा छापलेला असतो तो त्याचाच.

आणि तरीही एकटं सोडत नाहीत. सवलतीच्या आदेशातल्या अटी मी लोकांना नेहमी आधी वाचायला लावतो, कारण ‘सवलत’ ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते या अटी पुसून टाकतात. चालक गाडी चालवत असेल तो सगळा वेळ त्याच्या शेजारी अमेरिकी सीडीएल असलेला, त्या रस्त्यांची माहिती असलेला माणूस बसलेला हवा. सीडीएल सोडून बाकीचे सगळे केंद्रीय सुरक्षा नियम लागू: कामाच्या तासांचे, गाडीच्या तपासणीचे, सगळे. अमली पदार्थ आणि दारूच्या चाचण्या लागू. परवाना अपात्र ठरवणारे गुन्हे जसे इथल्या ड्रायव्हरला लागू, तसेच त्यालाही. आदेशाची प्रत आणि मायदेशाचा परवाना जवळ हवा. चालक त्या कंपनीचाच हवा आणि कंपनीच्याच कामावर हवा. अपघात झाला तर पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवायचं. अट मोडली किंवा सुरक्षितता खालावली, तर सवलत रद्द.

शेजारी बसणाऱ्याची अट काही जणांना अपमानास्पद वाटते. मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. ओरेगॉनमध्ये पेंडलटन गावाच्या पूर्वेला आय-84 महामार्गावर कॅबेज हिल नावाचा उतार आहे. सहा टक्के चढ-उतार, वळणं, हिवाळ्यात बर्फ आणि धुकं. बोरघाट उतरवणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला उतारावर गिअर कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही. पण भरलेल्या ट्रेलरला तिथे कोणत्या वेगाने सुरुवात करायची, साखळ्या कुठे थांबून बांधायच्या, ब्रेक निकामी झाले तर सुटकेचा रस्ता कुठल्या वळणानंतर येतो, हे स्टुटगार्टमध्ये कितीही वर्षं चालवून कळत नाही. ते त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यालाच माहीत असतं.

रस्त्यावर प्रत्यक्ष काय होतं तेही सांगतो, कारण इथे बरेच गोंधळतात. वजनकाट्यावर ट्रक बाजूला घेतात. निरीक्षक खिडकीशी येतो आणि सीडीएल मागतो. चालक युरोपीय कार्ड पुढे करतो. निरीक्षकाने असं कार्ड आयुष्यात पाहिलेलं नसतं. पहिल्या दोन मिनिटांतच काय ते ठरतं. म्हणून मी कॅबमध्ये एक फाइल ठेवायला लावतो: सगळ्यात वर सवलतीच्या आदेशाची प्रत, त्यावर चालकाचं नाव आणि मुदतीची तारीख ठळक केलेली, मग चालकाचा परवाना, मग शेजारच्याचं सीडीएल आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, मग गाडीची कागदपत्रं. बोलायचं शेजारच्याने नाही, चालकाने. कारण रस्त्यावरचे फलक वाचता येतील आणि निरीक्षकाशी बोलता येईल इतकं इंग्रजी ड्रायव्हरला यायला हवं, हा नियम सवलतीने माफ होत नाही, आणि जून 2025 पासून त्यात कमी पडलेल्याला जागेवरच पुढे जाण्यापासून थांबवतात. कायद्याने, सवलतीशी विसंगत असलेला नियम कुठलंही राज्य त्या चालकावर लादू शकत नाही. पण हा कायदा रात्री वजनकाट्यावर उभं राहून समजावण्यापेक्षा कागद हातात देणं बरं.

आता भारतीय लायसन्सकडे येतो. इथे भावनेपेक्षा पुराव्याचं बोलू. आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रान्सपोर्ट गाडीचं लर्निंग काढायला हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. वय 20 पूर्ण हवं, डॉक्टरचा दाखला हवा, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कागदावर हा सांगाडा वाईट नाही. अडतं ते पुढे. चाचणी सगळ्या आरटीओंत सारखीच होते, सारख्याच कडकपणे होते, हे दाखवणारा पुरावा परक्या देशाच्या खात्यापुढे ठेवता आला पाहिजे. प्रत्येक मालवाहू ड्रायव्हरला ठरावीक वर्षांनी सक्तीचं पुनर्प्रशिक्षण, असं युरोपसारखं आपल्याकडे नाही. धोकादायक माल नेणाऱ्यांना आहे, इतरांना नाही. भारतीय ड्रायव्हर कमी पडतो असा याचा अर्थ नाही. आपली व्यवस्था त्याच्या कौशल्याची नोंद नीट ठेवत नाही, आणि याची किंमत चांगल्या ड्रायव्हरला मोजावी लागते, हे मला मनापासून खटकतं.

उजव्या-डाव्या बाजूचा मुद्दा मात्र आडवा येत नाही. जपानमध्येही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, तरी जपानी परवान्यावर सवलत मिळालेली आहे.

तुमच्या कंपनीला खरंच लांब पल्ल्याचा चाचणी कार्यक्रम करायचा असेल, दरवर्षी माणसं पाठवायची असतील, तर अर्ज जरूर करावा. चालक दोन-तीनच निवडा. त्यांचं रेकॉर्ड, सारथी प्रणालीतला परवान्याचा तपशील, कंपनीतल्या अंतर्गत चालक प्रशिक्षणाची कागदपत्रं, जमलं तर भोसरीच्या सीआयआरटीसारख्या रस्ते वाहतुकीच्या संस्थेतलं प्रशिक्षण, हे सगळं जोडा. शेजारी सीडीएलधारक बसेल ही अट स्वतःहून घाला. मैल, तास, रस्ते मोजून लिहा. अर्ज अमेरिकेतल्या कंपनीने करावा, चाकणच्या नाही, कारण उद्या जबाबदारी तिच्यावर असणार. मग तो अर्ज फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापला जातो, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, आणि खात्याने 180 दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते. तुमचा दौरा सहा आठवड्यांचा आहे. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. आधी स्वतःला विचारा, स्टिअरिंग माझ्याच हातात हवं का? बहुतेक चाचण्यांत नको असतं. इथला सीडीएलधारक चालवेल, तुम्ही शेजारी बसून डेटा घ्या, त्याला सांगा अमुक वेगावर क्रूझ लाव, तमुक ठिकाणी रिटार्डर, म्हणजे उतारावर वेग आवरणारी यंत्रणा, बघ. हे उद्यापासून करता येतं, कोणाची परवानगी लागत नाही. हातात घ्यायचंच असेल तर बंद चाचणी मार्गावर घ्या. सार्वजनिक वाहतुकीला बंद असलेल्या खासगी ट्रॅकवर सीडीएलचा नियम लागत नाही. डाइमलरचा असा ट्रॅक ओरेगॉनमध्येच आहे, आणि त्या गावाचं नाव मद्रास आहे. ट्रॅकमालकाचे स्वतःचे चालक-पात्रतेचे नियम असतात. ते आधी मागवून घ्या, विम्याचं पत्रही. फक्त ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडून पेट्रोल पंपापर्यंत ‘जरा नेतो’ असं करू नका. तेवढा रस्ताही सार्वजनिक आहे, आणि या ‘जरा’मुळे अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून घेतलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. भाड्याची कार चालवायला त्याचा उपयोग होतो. तो मूळ लायसन्सचा भाषांतरित दाखला आहे. त्यावर हेवीच्या रकान्यात शिक्का असला तरी ते सीडीएलची जागा घेत नाही.

राहिला मामेभाऊ. एजंटाने दाखवलेला कागद मी पाहिलेला नाही, पण ही सवलत कोणाला मिळते हे वर सगळं आलं: नाव दिलेला चालक, अर्ज केलेली कंपनी, चाचणीचं काम, शेजारी सीडीएलधारक. माल वाहून पगार मिळवायच्या नोकरीत ती बसत नाही. सवलत व्हिसाही देत नाही, काम करायचा परवानाही देत नाही. तो वेगळ्या खात्यांचा विषय आहे, आणि तिथेही वारं उलटं आहे: 21 ऑगस्ट 2025 रोजी परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ट्रकचालकांचे कामगार व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी नागरिकांना मिळणारं सीडीएल मोजक्या व्हिसाधारकांपुरतं आवळणारा तातडीचा नियम आला आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या विषयात महिन्यापूर्वीची माहिती जुनी समजावी आणि निर्णय घेण्याच्या दिवशी एफएमसीएसएच्या संकेतस्थळावरचा मजकूर वाचावा.

त्याला ट्रकच चालवायचाय, परदेशातच चालवायचाय, तर लांबचा पण सरळ रस्ता धरावा लागेल. जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय ती 95 ची पात्रता. कॅनडात प्रांताचा परवाना मिळवावा लागतो. ऑन्टारियोत 2017 पासून नव्या ट्रकचालकांना सक्तीचं प्रवेश-प्रशिक्षण आहे. या दोन्हींत वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि भाषा शिकावी लागते. पण शेवटी हातात येतो तो स्वतःच्या नावाचा परवाना.

एजंट खरं बोलतोय का हे तपासायचं असेल तर त्याच्याकडे एकच गोष्ट मागा: सवलतीच्या प्रकरणाचा क्रमांक. अशा प्रत्येक अर्जाला एफएमसीएसए, वर्ष आणि आकडे असा क्रमांक असतो, आणि तो रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर टाकला की अर्ज, हरकती आणि निर्णय सगळं फुकट वाचता येतं. क्रमांक दिला तर मला पाठवा, मी वाचून सांगतो त्यात कोणाची नावं आहेत.